ठसका

कळमन्याच्या वळणावरच कळलं होतं.
ऑटोवाल्यानं रुमाल नाकाला धरला, म्हणाला,
"इथंच उतरा जी, पुढं मी येत नाही."

आग विझून तीन दिवस झाले होते,
मिरची विझली नव्हती.
अकराशे पोती, साठवणे म्हणाले.
स्टॉक रजिस्टर म्हणालं सातशे चाळीस.
पॉलिसी म्हणाली पाचशे, तीही जुन्या भावानं.
मी काही म्हणणार होतो,
पण खोकला आला.

एकतीस वर्षं राखेला दर लावतोय.
कापसाची राख करडी, फुंकर मारली की उडते.
टायरची चिकटते, बूट टाकून द्यावे लागतात.
ही मात्र छातीत जाऊन बसते
आणि तिथून हिशोब विचारते.

हल्ली कंपनी माझ्या खिशातून सोबत येते.
हैदराबादेतली एक मुलगी पडद्यावरून सांगते,
"सर, थोडं डावीकडे. अजून. हां, थांबा."
मी थांबतो. फोटो जातो.
एक गोल फिरत राहतो, फिरत राहतो,
मग अक्षरं उमटतात:
*आग सुरू आहे. सुरक्षित अंतर ठेवा.*

कोपऱ्यातली वाचलेली पोती होती ती.
लाल दिसलं की त्याला ज्वाळा वाटतात.
आणि जिथं खरंच जळून कोळसा झाला होता
तिथं त्यानं लिहिलं:
*मोकळी जमीन. नुकसान आढळत नाही.*

मुलगी हसली, मग सॉरी म्हणाली.
मग हळूच, कुणी ऐकेल अशा बेतानं,
"सर, एप्रिलपासून लहान दावे हेच बघणार आहे.
तुम्हाला मेल आला असेल."

साठवण्यांना मी सरासरीचं कलम समजावलं.
सातशे चाळीसचा माल, पाचशेचा विमा,
म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात, सुमारे दोन तृतीयांश.
त्यांनी छपराच्या वाकलेल्या टिनाकडे पाहिलं.
"म्हणजे आग बी दोन तृतीयांशच लागाले पायजे होती."

मग उन्हाची पॉलिसी काढून दाखवली,
एजंटानं मार्चमध्ये गळ्यात मारलेली:
पारा शेहेचाळीसला टेकला की पैसे आपोआप खात्यात,
ना पंचनामा, ना तुमच्यासारखा माणूस.
पारा पंचेचाळीस पूर्णांक नऊपर्यंत गेला
आणि सरकारी नोकरासारखा तिथंच बसला.
"विमानतळावर मोजतेत म्हणे.
माह्या टिनाखाली या म्हना एखाद्या दुपारी."
हप्ता मात्र वाढला होता, ऊन वाढलं म्हणून.

भिंतीच्या सावलीला बाया बसल्या होत्या, नऊ-दहा.
देठ खुडणाऱ्या. किलोमागे मजुरी.
काम नव्हतं तरी आल्या होत्या,
घरी बसून तरी काय करणार.
त्यातली एक उठली, रेवता तिचं नाव.
"आमचं कुठी लिवता जी?"

मी फॉर्म वर सरकवला, खाली सरकवला.
इमारत. यंत्रं. माल.
'इतर' उघडलं, आत निघालं: फर्निचर, काच, नामफलक.
हितसंबंध सिद्ध होत नाही, असं आमच्या भाषेत म्हणतात.
तिला म्हणालो, "बघतो."
हा शब्द कुठल्याच कलमात नाही,
म्हणून तो मी फार वापरतो.

ती काही बोलली नाही.
पायाशी पडलेली एक मिरची उचलली,
शेपटाकडून करपलेली,
सवयीनं अंगठ्याच्या नखानं देठ उडवला
आणि माझ्या हातावर ठेवली.
"मंग हे तरी धरा मोजनीत."

रात्री त्रिमूर्तीनगरात, पंख्याखाली, रिपोर्ट अपलोड केला.
शेऱ्याला दोनशे अक्षरं.
'देठ' लिहिलं. पुसलं.
सदरा काढताना खिशात ती मिरची लागली,
बायको आतून खोकली, "काय आणलंत हो?"

काही नाही म्हणालो,
आणि हात न धुताच
डोळा चोळला.