जुनं उत्तर

एकतीस वर्षांनी मिस्साला जायचं
तर आधी गाडीतच बसून राहावं लागतं थोडं.
हीटर चालू, काचा धुरकटलेल्या,
सुपीरियर सरोवरावरून वारा असा येतोय
की त्यालाच आत शिरायची घाई.

हे तिसरं चर्च.
टेकडीवरच्या पहिल्यात सगळं देखणं होतं:
ऑर्गन, लिलीची फुलं, दारात हातमोजेवाले.
तासाभरात माझ्यापाशी थांबली
ती फक्त दानाची टोपली.
दुसऱ्यात एक गृहस्थ खाकरले,
म्हणाले, ही जागा आमची असते.
असेल.
मी उठले, आणि उठलेच आहे तर म्हणून
थेट घरी आले.

आज ठरवलं होतं, उतरायचंच नाही.
नुसतं बघायचं, कोण येतं, कसं येतं,
कुणी कुणाच्या हाताला धरतं का.

तेवढ्यात काचेवर टकटक.
ऐंशीच्या पुढची बाई, डोक्याला पुरुषी कानटोपी,
हातात दोन फावडी.
"कंबर धड आहे ना तुझी?
मग ये. पायऱ्या मोकळ्या करायच्यात.
फादर खाली बॉयलरशी भांडतायत."

मी कोण, कुठली, इतकी वर्षं कुठे होते,
काही विचारलं नाही तिनं.
विचारलं असतं तर तयार होतं सगळं:
लोहखनिजाच्या जहाजांवर वीस हंगाम रांधलेलं अन्न,
तिथला रविवार, म्हणजे फक्त भाजलेल्या मांसाचा वार,
आधी न केलेली, मग केलेली घटस्फोटाची सही,
आणि आर्लो, माझा धाकटा भाऊ,
ज्याच्या शवपेटीपुढे एक धर्मगुरू जे बोलला
ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा पायऱ्या.
बर्फ वरून भुसभुशीत, खाली दगड.
सातव्या पायरीवर दिसलं, फावड्याच्या दांड्यावर
खिळ्यानं कोरलंय: ओटिलिया.
मी म्हटलं, मी बर्निस.
ती म्हणाली, कोपरे राहिले, बर्निस.

आतही तेवढीच थंडी.
तीसेक माणसं, सगळी कोटातच.
ती मागून दुसऱ्या बाकावर सरकली,
शेजारची जागा तळहातानं झटकली,
जेवायला बसणाऱ्यासाठी पाट झटकावा तशी.
घामेजलेली होते, म्हणून असेल,
बसताना लाज वाटली नाही.

फादर ओबियोरा आले.
झग्याच्या बाहीतून डोकावणाऱ्या मनगटावर वंगणाचा डाग.
"प्रभू तुम्हांबरोबर असो."
आणि मी, खणखणीत,
जहाजावर जेवणाची हाक द्यायचे त्या आवाजात:
"आणि तुमच्याबरोबरही!"

बाकीचे म्हणत होते भलतंच काही.
आत्म्याबरोबर, असं काहीतरी.
कधी बदललं हे?
घर सोडून गेलेल्याच्या मागे कुलूप बदलावं
तसे माझ्या मागे शब्द बदलले होते.
पुढच्या दोन माना वळल्या.
कानाच्या पाळ्या तापल्या.
मी कोटाची बटणं लावू लागले,
ती लावलेलीच होती.

पुन्हा ते वाक्य आलं, शुभवर्तमानाआधी.
"प्रभू तुम्हांबरोबर असो."
मी ओठ मिटून घेतले.
आणि शेजारून, चिरक्या आवाजात, बिनधास्त,
ओटिलियानं दिलं जुनंच उत्तर.

पुस्तक तिच्या मांडीवर उघडं होतं.
बोट बरोबर नव्या ओळीवर.

तिसऱ्या वेळेला आम्ही दोघी चुकलो, एकदम.

कम्युनियनची रांग लागली तेव्हा मी बसून राहिले.
ती काठी टेकत गेली, काठी टेकत आली,
खूप वेळ डोळे मिटून होती,
मग न उघडताच म्हणाली,
"रांग दर रविवारी असते."
एवढंच. पापनिवेदनाच्या वेळा
दारावर लावलेल्या मी येतानाच वाचल्या होत्या,
तिनं ते पाहिलं असावं.

शेवटच्या आशीर्वादाला नळ्या ठणठणल्या,
तळघरातलं धूड कण्हून जागं झालं,
कुणीतरी टाळी वाजवली, फादर हसले,
आणि ऊब आली ती नेमकी
सगळे निघायच्या वेळेला.

घरी येऊन डिकी उघडली
तर आत तिचं फावडं.
मी चुकून टाकलं, की तिनं ठेवलं,
कोण जाणे.
दांड्यावर नाव आहे. परत तर द्यावंच लागेल.