अभ्यासाच्या मर्यादा

शोधनिबंधाच्या शेवटी एक परिच्छेद असतो,
तिथे आपण थोडंसं कबूल करायचं असतं:
नमुना लहान, महाविद्यालय एकच,
पाठपुरावा फक्त तीन महिन्यांचा.
संपादकांनी त्याला दीडशे शब्द दिलेत.
उरलेले इथे लिहिते.

विषय होता, वाईट बातमी कशी सांगावी.
बांबोळीच्या टेकडीवर, ओपीडीमागच्या एका खोलीत,
बासष्ट विद्यार्थी, शिकवणीच्या आधी आणि नंतर,
आणि रुग्णाच्या भूमिकेत एकच बाई:
एर्मेलिंदा कुलास, राहणार असोळणे,
एकवीस वर्षं तियात्रात. बहुतेक वेळा सासू.

तिला एक कागद दिला होता.
नाव लुईझा, वय चोपन्न, स्तनात गाठ,
तपासणीचा अहवाल आजच आलाय.
"रडायचं कुठल्या ओळीवर?" तिनं विचारलं.
म्हटलं, तुम्हाला वाटेल तिथे.
"असं चालत नाही, डॉक्टर. ओळ सांगा."
मग ओळ ठरली: पेशी चांगल्या नाहीत.

पहिल्या दिवशी ती चौदा वेळा रडली.
काचेआड बसून मी खुणा करत होते.
स्वतःचं नाव सांगितलं, होय.
खुर्ची जवळ ओढली, होय.
'काही काळजी करू नका' म्हणाली, एक वजा.
निम्मे गुण माझ्या हातात, निम्मे तिच्या.

काणकोणच्या वेळिपांच्या मुलानं
अख्खी चार मिनिटं टेबलपंखा
तिच्याकडे वळवण्यात घालवली.
पंखा पुन्हा मान फिरवायचा भिंतीकडे,
हा पुन्हा उठायचा.
माझ्याकडून त्याला पंधरापैकी दोन.
त्या खेपेला ती ओळ येण्याआधीच रडली.
त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

तीन महिन्यांनी दुसरी फेरी.
सरासरी सोळावरून तेवीसवर गेली.
पी-मूल्य इतकं लहान
की शून्यं मोजताना बोट ठेवावं लागलं.
सुर्लकर सरांनी कँटीनमधून मिरचीभजी मागवली.

मानधनाच्या पावतीवर सही करून,
पर्सची चेन लावता लावता, ती सहज म्हणाली:
"ह्या वेळी मी सगळ्यांना बरे मार्क दिले.
भुरगीं उपाशीं आसलीं गे बाय."

रात्री वेळापत्रक काढून पाहिलं.
पहिली फेरी पूर्ण सकाळची.
दुसरी दुपारी एक ते चार,
कारण आता सकाळी त्यांना वॉर्ड असतो.

म्हणजे आम्ही नेमकं काय मोजलं?

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला,
म्हटलं, हे आधी सांगायला हवं होतं.
ती थोडा वेळ गप्प. मागे कुठे तरी मासळीवालीचा भोंगा.
मग म्हणाली, घरच्यांचं मला तिथंच सांगितलं होतं,
तुमच्या लिफ्टपाशी, अकरा वर्षं झाली.
एक पोर, हातात फाइल, नजर दारावर.
मी शाप दिले त्याला, खूप दिवस.
आता ही बासष्ट बघितल्यावर वाटतं,
तेही जेवलं नसेल.

अकरा वर्षांपूर्वी मी इथं इंटर्न होते.
लिफ्टपाशी मीही सांगितलंय, कुणाकुणाला.
चेहरे आठवत नाहीत.
लिफ्टचं दार आठवतं, आतून कुणीतरी हातानं धरून ठेवलेलं,
आणि "येताय का, येताय का" म्हणणारा तो माणूस.
मी तिला काही बोलले नाही.
फोनवरच्या शांततेला गुण नसतात.

निबंधात शेवटी एवढंच गेलं:
'रुग्णपात्राकडून गुणांकनात पूर्वग्रहाची शक्यता
नाकारता येत नाही.'

पुढच्या तुकडीच्या आराखड्यात मी एक ओळ वाढवली,
चाचणीपूर्वी सर्वांना जेवण.
नीतिमत्ता समितीचं पत्र आलंय:
हे जेवण अभ्यासातील हस्तक्षेपाचा भाग आहे काय,
कृपया स्पष्ट करावे.

पत्र टेबलावर आहे. त्याच्यावर पंखा ठेवलाय,
उडू नये म्हणून.