पाव तास

कोविल्यांच्या चढावर, बंद पडलेल्या लोकर-गिरणीच्या रंगखान्यात
दर बुधवारी मी वही उघडून बसतो.
आमच्या बँकेत पैसा चालत नाही. तास चालतो.
झुल्मिराने कुणाचा तरी कुत्रा हिंडवला : एक तास जमा.
वकीलबाईंनी कुणाचा भाडेकरार वाचून दिला :
तोही एकच तास.
पहिल्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, दोन्ही सारखंच?
मी म्हटलं, कुत्र्याला विचारा.

एव्हारिस्तो नळ दुरुस्त करतो
आणि ते तास एका पोरीकडे फ्रेंच शिकण्यात घालवतो;
लियोंमध्ये जन्मलेल्या नातीवर
निदान रागावता यावं म्हणून.
कुणी तास उसने नेतं आणि फिरकत नाही.
मी पान उलटतो.
म्हातारपणी मला ते जमायला लागलं आहे.

कारण आधीही मी वहीच लिहायचो.
याच गिरणीच्या फाटकात, भोंग्याखाली,
बत्तीस वर्षं हजेरीवाला.
पाच मिनिटं उशीर : पाव तास कापला.
बर्फ पडलं होतं, हे कारण धरायचं नाही.
नियम माझा नव्हता.
पेन्सिल माझी होती.

देओलिंडाच्या नावावर दोनशे बारा तास शिल्लक.
गिरणीत ती रफूला होती :
कापडातला तुटलेला धागा हुडकायचा
आणि असा भरायचा की पुन्हा कुणाला सापडू नये.
आता ती गल्लीचे स्वेटर भरते, पडदे भरते,
एकदा पाद्रीबाबांचा झगा,
एकदा एका पोराच्या पतंगाची शेपटी.
मागत मात्र काही नाही.
बल्ब बदलायला कुणी पाठवू? स्टूल आहे.
बाजार आणायला? पाय आहेत.
आणि हात हलवायची, माशी उडवल्यासारखा.

फेब्रुवारीत एकदा आली, टेबलावर बोट टेकवलं.
"एक तास हवाय. भांडायला माणूस पाहिजे."
मी वर पाहिलं.
"आदेलिनो गेल्यापासून मला कुणी 'नाही' म्हणत नाही.
सून हो म्हणते, डॉक्टर हो म्हणतो.
माझं बोलणं मलाच खोटं वाटायला लागलंय."

वहीत भांडणाचा रकाना नाही.
मी ते 'सोबत' खाली लिहिलं, चौघांना विचारलं.
चौघांचाही तिच्यावर जीव; चौघेही नको म्हणाले.
शेवटी मीच गेलो.

चुलीवर सूप होतं. मीठ आधी की नंतर, इथून सुरुवात झाली.
मी म्हटलं, नंतर. ती खुलली.
मग नगरपालिका, मग शेजारणीचा कोंबडा,
मग एकाएकी ती उठून उभी राहिली :
"चौऱ्याहत्तर साल. मार्चमधला मंगळवार.
पोराला ताप होता. सात मिनिटं.
बेलार्मिनो, तू माझा पाव तास खाल्लास."

मला आठवत नव्हतं.
पण तसं म्हणणं म्हणजे
तोच पाव तास दुसऱ्यांदा कापणं.
मी म्हटलं, नियम होता.
"नियम!" तिने डाव आपटला.
मीही ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही.
खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं.

निघालो तेव्हा दोन तास चाळीस मिनिटं झाली होती.
सूप आटलं होतं,
मीठ आपोआप जास्त झालं होतं.

बुधवारी तिचा तास वजा करायचा होता,
माझ्या नावावर जमा.
ते मी केलं नाही. तिच्या पानावर लिहिलं :
पाव तास, जमा.
ती माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती.
"आणि इतक्या वर्षांचं व्याज?"
आपल्या बँकेत व्याज नसतं, मी म्हटलं.
"खोटं," ती म्हणाली,
आणि समोरची खुर्ची ओढून बसली.