नैसर्गिक झीज

फिल्म काढली तेव्हा तिच्याबरोबर
कोटिंगही आलं.
सायीसारखं अख्खं नाही, तुकड्यातुकड्यांनी, हट्टानं,
माझं नाक टेकतं तिथलं सगळ्यात जास्त.

सहा वर्षं या पडद्यावर
मी नुकसान पाहिलं. कामच ते.
भिजलेल्या कापसाच्या गाठी,
कंटेनरमध्येच कोंब फुटलेला कांदा,
तळाशी चेपलेली तेलाची पिंपं.
न्हावा-शेवा, माझगाव, कधी भाऊचा धक्का.
तारीख, वेळ, शेजारी मोजपट्टी.
सर्व्हेअर घोन्साल्विस, वसईचे, मागून सांगायचे,
"डागाचा नको, डागाच्या कडेचा फोटो काढ, पोरी.
पाणी कुठून आलं ते कडेला कळतं."

फिल्म मीच लावली होती.
कॅमेरा घेतला त्याच रात्री, कुर्ल्याच्या खोलीत,
धूळ बसू नये म्हणून पंखा बंद करून,
बेस्टच्या जुन्या पासाने बुडबुडे कडेला सारत.
एक राहिलाच. उजव्या कोपऱ्यात, मसुरीएवढा.
म्हटलं, एकाने काय होतंय.
आमच्याकडे टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे,
आकडे दिसेनासे झाले तेव्हा अण्णांनी
पिशवीवरच पेनाने लिहिले.
जपायचं म्हणजे झाकायचं,
घरात एवढंच शिकवलेलं.

बोरा बाझारच्या पोटमाळ्यावर
परकार भिंग लावून बसतात.
मूळचे दापोलीकडचे,
बोलतात पलीकडच्या होडीला ऐकू जाईल असं.
त्यांनी पडदा दिव्याखाली तिरपा धरला:
जांभळी-हिरवी बेटं, मध्ये उघडी काच.
"खारी हवा शिरली तुझ्या बुडबुड्यातून,
आणि मग तिला बाहेरची वाट नव्हती.
वरून घाम, क्रीम. खाली गोंद."
"आणि फिल्म लावलीच नसती तर?"
"तर ओरखडे पडले असते."
भिंग काढून त्यांनी डोळा चोळला.
"ओरखडे दिसतात गं. माणूस वेळेत येतो."

विमावाल्यांना लिहून पाहिलं होतं मी.
उत्तर दोन ओळींचं:
नैसर्गिक झीज. भरपाई देय नाही.
हेच शब्द कितीजणांच्या कागदावर
माझ्या फोटोंखाली टाइप झालेत.
मशीद बंदरचा एक मिरचीवाला आठवतो,
बुरशी धरलेल्या पोत्यावर हात ठेवून उभा,
आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.
मी म्हटलं होतं, जरा बाजूला व्हा,
सावली पडतेय.

"आता उरलंय तेही काढायचं," परकार म्हणाले.
"अर्धं राहिलेलं जास्त छळतं."
टूथपेस्ट, मलमलीचा तुकडा.
"माझा हात कापतो हल्ली. तूच घास."
पाऊण तास घासत होते.
खाली कुणीतरी ट्रायपॉडवरून घासाघीस करत होतं,
पन्नास रुपयांवर अडलेलं.
बेटं आक्रसत गेली, एकेक करून बुडाली.
किती होती, मोजायचं राहिलं.
परकारांनी ड्रॉवर उघडला. "नवी लावू?
बुडबुडा राहणार नाही, शब्द देतो."
मी पैसे विचारले. तीनशे.
मग घोटभर पाणी मागितलं, आणि तेवढ्यात
त्यांचं दुसरं गिऱ्हाईक आलं.

आज माझगावला, भर बाराला,
उघड्या काचेत फक्त मीच.
माझी हनुवटी, क्रेनचा दांडा, पांढरं आभाळ.
फोटो आला की नाही, काही कळेना.
मग गुडघ्यावर बसले,
कॅमेरा गळ्यात लोंबता ठेवून
बोटानेच डागाची कड चाचपत गेले,
पिशवीच्या शिवणीपर्यंत. तिथे ओल होती.

माल ज्याचा, तो मागे येऊन उभा राहिला.
आंब्याचा पल्प, देवगडचा, नाव विचारलं नव्हतं.
त्याची सावली पडद्यावर पडली
आणि तिच्यात तेवढ्यापुरता
फोटो दिसला, नीट, कडेसकट.

"सरकू का, मॅडम?"
"नको. थांबा तसेच."