चार बोटं

उद्यमनगरात, नेजदारांच्या लेथच्या वरच्या खोलीत
मी जहाजं हाकते.
समुद्र इथून घाट उतरून चार तासांवर.
माझ्या ओळखीची सगळ्यात मोठी नाव
रंकाळ्यातली, पायडलची, बदकाच्या तोंडाची.

चार टँकर, अकरा बेटं, तीस दिवस.
बेटावर टाकी, टाकीवर जनरेटर,
जनरेटरवर दवाखाना, बर्फाचा कारखाना, शाळेतले पंखे.
यातलं माझ्यापर्यंत काही येत नाही.
येतो रोजचा खप. टाकीत मावतं किती. भरतीला धक्क्याशी पाणी किती.
जहाज जाईल तर एक,
नाही तर शून्य.

आधी बंधनं सैल सोडून बघायची रीत आहे.
सैल सोडलं की गणित फाजील हुशारी करतं.
म्हणतं, बुधवारी सात नंबरला
शून्य पूर्णांक सदतीस शतांश जहाज पाठवा.
स्वस्त पडतं.
नुसती नाळ आणि थोडासा डेक
डिझेल सांभाळत चाललाय दर्यातून.

मग फांद्या पाडायच्या: जाईल, जाणार नाही.
प्रत्येक फांदीला पुन्हा दोन.
रात्रभर झाड वाढतं, छाटलं जातं, वाढतं,
खाली लोखंडाचा कीस पडत राहतो,
आणि पहाटे एक उत्तर उरतं.

उत्तर देखणं होतं.
जहाज धक्क्याला लागतं
त्याच सकाळी टाकी कोरडी होते.
एक थेंब जादा नाही, एक फेरी जादा नाही.
कोचीचे साहेब फोनवर म्हणाले, वा.

मला दस्तगीरचाचा आठवले.
शिरोली नाक्याच्या पंपावर
कॉलेज सुटल्यावर मी रजिस्टर लिहायची.
ते पितळी गज टाकीत सोडायचे,
वर काढून ओल बघायचे.
गजावर सेंटिमीटर कोरलेले,
तरी सांगायचे, "बावीस बोटं, लिव्ह."
आणि दर वेळी, न विचारता:
"खालची चार आपली न्हवंत, पोरी.
त्यात गाळ अस्तोय. मोजायची, पर विकायची न्हाईत."

मग त्या वर्षी पंचगंगा हमरस्त्यावर आली.
टँकर पलीकडे अडकले,
शहराचं बेट झालं.
पंपाला दोरी लावली.
तिसऱ्या दिवशी प्रसूतिगृहाचा माणूस आला,
कमरेपर्यंत ओला, दोन्ही हातांत कॅन.
चाचांनी गज टाकला, काढला. चार बोटं.
मालकाकडे बघितलंच नाही.
हातपंप जोडला,
जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून
गाळून गाळून दीड बोट उपसलं.

मी म्हटलं, विकायची नाहीत ना?
"विकलं कुठं?"
रजिस्टरात त्या दिवसाचा रकाना
माझ्याच अक्षरात रिकामा आहे.

तर मी एक बंधन वाढवलं.
अकराही टाक्यांना, तीसही दिवस:
साठा चार बोटांखाली जाणार नाही.
बोट म्हणजे किती, ते धरावं लागलं.
माझं मोजलं, दीड सेंटिमीटर.
चाचांचं जाड होतं. दोन धरले.
आपल्यात बोट ते बोट आणि बोट तीही बोट;
कोचीला हे सांगून काय उपयोग.

खर्च एक पूर्णांक आठ टक्क्यांनी चढला.
एक फेरी वाढली.
साहेबांनी विचारलं, ही मर्यादा कुठल्या शोधनिबंधातली?
म्हटलं, छापलेला नाही.
मग एकदम गप्पच झाले ते,
आणि म्हणाले, बघू, एक महिना बघू.

स्रोताच्या रकान्यात मी लिहिलंय:
द. अत्तार, शिरोली.

खाली लेथ थांबलाय. कोणीतरी मशीन पुसतंय,
रॉकेलचा वास जिन्यानं वर येतो.
बुधवारी सात नंबरला
जहाज जाईल.
एक.
आख्खं.