तेराचा पंखा

तिघऱ्याच्या धक्क्यावर, पालथ्या घातलेल्या टबावर बसून
रामसनेही बाथम पंख्याचं वंगण चिंधीनं पुसतो
आणि खाली ठोकलेला आकडा मला वाचायला लावतो,
त्याचा चष्मा घरी राहिलाय म्हणून:
साडेअकरा बाय तेरा.

साडेअकरा हा व्यास. तो दिसतो.
तेरा दिसत नाही.
एका फेऱ्यात पंखा तेरा इंच पुढे गेला असता,
पाणी जर लाकूड असतं
आणि तो स्क्रूसारखा त्यात शिरत गेला असता.
पाणी लाकूड नाही, मागे सरकतं, वाट देतं.
तेरातले दोन-तीन इंच रोज कुठे गळतात
याचा हिशेब कुंटे मांडायचा
सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला.

पंखा त्यानंच निवडला, ब्याण्णव साली.
इंजिन कोरं होतं, चाळीस घोड्यांचं;
आम्हीही साधारण तेवढ्याच वयाचे.
भिंतीपासून पलीकडच्या टेकडीपर्यंत नऊ मिनिटं,
कुंटे पुढच्या फळीवर, शंभर किलोचा,
मागे वळून न बघता ओरडायचा, "आण अजून!"

आता मूठ पूर्ण पिळली तरी
काटा सेहेचाळीसशेवर अडतो.
प्लगवर काजळी. नाकपुडी वर, बूड पाण्यात,
नाव नांगर ओढल्यासारखी चालते.
मला वाटलेलं, पंधराचा पंखा घ्यावा,
लांब पाऊल टाकलं की लवकर पोचू.
रामसनेही हसला नाही. म्हणाला,
उरवाई गेटचा चढ
सायकलच्या जड गिअरवर कधी चढलायत?

म्हणजे पाऊल आखूड करायचं.
एकेक इंच उतरवला
की दोन-तीनशे फेरे परत मिळतात.
कमजोर झालेल्या इंजिनाला फिरू द्यावं लागतं,
बावन्नशे, त्रेपन्नशे, त्याच्या जन्माच्या कागदावर लिहिलंय तितकं;
कमी फेऱ्यांत जोर काढायला लावलं
तर ते आतून जळतं, आणि जळताना
काही सांगत नाही.

मग त्यानं विचारलं, "सवारी कितनी?"
पंखा नेहमीच्या वजनावर तपासतात,
टाकी भरलेली, माणसं आपापल्या जागी.
"दो," मी म्हणालो.
मी म्हणालो म्हणजे तोंड म्हणालं.

त्याला माहीत होतं. लक्ष्मीगंजच्या स्मशानात
तो आमच्याही आधी येऊन लाकडं मोजत होता.
तरी त्यानं दुरुस्त केलं नाही.
धक्क्याच्या डागडुजीसाठी आणलेल्या रेतीची
दोन पोती उचलली, पन्नास-पन्नासची,
पुढच्या फळीवर शेजारी-शेजारी ठेवली
आणि दोरीनं आवळली.
एक पोतं गळकं होतं.

तेरावर: सेहेचाळीसशे. धूर.
बाराचा मिळाला नाही.
अकराचा भोपाळहून आलेला, कुणाचा तरी उतरलेला,
एका पात्याला खाच,
ती यानं कानशीनं घासून बाकीच्या दोघांसारखी केली.
बावन्नशे.
गुरगुर गेली, आवाज सुटा झाला;
शिंगाड्याच्या वेली मागे पडल्या तशी नाव
पोटावरून उठली, आणि पोत्यातून
रेतीची बारीक धार वाऱ्यावर माझ्या तोंडात आली.
दातांखाली कचकचली. थुंकलो नाही.

टेकडीपर्यंत अकरा मिनिटं.
घड्याळ दोघांनीही पाहिलं, कुणीच बोललं नाही.

परत आल्यावर पोती उतरवली,
पुन्हा एक फेरी मारली, रिकामी.
काटा छप्पन्नशे. लाल रेघेच्या पलीकडे.
रामसनेहीनं काठावरूनच आवाज ओळखला, हात हलवला: बस, बस.
धक्क्यावर आल्यावर म्हणाला, एकट्यानंच जायचं असेल
तर बारा शोधतो, ग्वाल्हेरात नाही, दिल्लीत मिळेल,
पंधरा दिवस द्या.

मी अकराच ठेवला.
त्याचे साडेतीन हजार आणि चहाचे वीस दिले.
तेराचा पंखा गोणपाटात गुंडाळून घरी आणला,
जिन्याखाली आहे.

रविवारी जातो अजून.
भिंत मागे पडली की इंजिन मोकळं होऊ बघतं,
काटा पंचावन्नशेकडे चढतो
आणि मला मूठ जराशी मागे घ्यावी लागते,
शंभर किलोंपुरती.