चार मिनिटं अकरा सेकंद

पडद्यावर काहीच नव्हतं. पडदाच नव्हता.
यंत्र अजून यायचं होतं ट्रॉनहाइमला,
बोटीने, लाकडी खोक्यातून, एप्रिलात.
ते वीस जणांना पुरेल का
हे मात्र डिसेंबरातच सांगायचं होतं.

म्हणून आम्ही वीस माणसं रचली.
हात नाहीत, डोळे नाहीत, नुसतं एवढंच:
लाइट पेन टेकवतो, थांबतो,
उत्तर येतं, विचार करतो,
पुन्हा टेकवतो.
रांग लागते, रांग सरते.
एका रात्रीत त्यांचे चाळीस दिवस उलटायचे
आणि सकाळी छापील कागद जमिनीवर लोळत असायचा.

विचाराला किती वेळ लागतो
हे कुठल्याच सूत्रात सापडेना.
आयलिफ म्हणाला, गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात जा.

तिथे गुडवाइग होती. एकतीस वर्षं
जहाजांच्या पोटाची वळणं काढत आलेली.
मी तिच्या मागे स्टुलावर, हातात स्टॉपवॉच.
रेघ. नऊ सेकंद. रेघ. चौदा.
खोडरबर. सहा.
"काय मोजतोयस?"
"तुमचं थांबणं."
"अरे वा," ती म्हणाली,
"त्याचा पगार नाही मिळाला कधी."

अडीचला उजेड गेला. दिवा लावायचा राहिला.
पेन्सिल कागदाच्या बोटभर वर धरून
ती थांबली ती थांबलीच.
चार मिनिटं, अकरा सेकंद.
मग तिने अख्खं वळण खोडलं
आणि पुन्हा काढलं, केसभर आत.

तो आकडा मी वगळला.
असा एखादा सगळी सरासरी नासवतो.
तळटीप दिली होती.

एप्रिलात यंत्र आलं. आमचं भाकीत
आठ टक्क्यांच्या आत खरं निघालं. केक कापला.
गुडवाइगला बोलवायचं
कुणाला सुचलंच नाही.

यंत्र भंगारात गेलं, त्याच्यानंतरचंही गेलं.
गोदीला कुलूप लागलं. ती वीस माणसं मात्र
दर नव्या यंत्रापुढे अजून बसतात, वीस गुडवाइग,
तीस सेकंदांपलीकडे कधीच न थांबणाऱ्या.

परवा रात्री एकटाच होतो.
तो आकडा परत घातला, एकीच्याच वाट्याला.
मला वाटलं, रांग तुंबेल.
तुंबली नाही. उलट
ती विचार करत होती तोवर
उरलेल्या एकोणीस जणींना
उत्तरं लवकर मिळत गेली.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं,
साधं गणित आहे.
कागद फाडून घेतला, घडी करून खिशात ठेवला.
खाली उतरताना जिन्यात
उगाच एका पायरीवर थांबलो.
घड्याळ लावलं नाही.